नावेची मूठ

निवडणूक जाहीर झाली की अजूनही माझी कंबर धरते. घरची मंडळी म्हणतात, आता तुम्हाला कोण बोलावणार आहे, निवृत्त होऊन किती वर्षं झाली. खरं आहे, पण कमरेला ते पटत नाही. लोखंडी मतपेट्या बैलगाडीत चढवायच्या, उतरवायच्या, रस्ता खराब असेल तिथे त्यांच्यावरच बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांना वाटतं, मामलेदार कचेरीतला कारकून म्हणजे खुर्ची, पानाचा डबा आणि वरकमाई. कोणाच्या वाट्याला ते आलंही असेल. माझ्या वाट्याला पेट्या आल्या.

तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, आमचं सगळं धुळ्याहून चालायचं. मी तापीकाठच्या एका तालुका कचेरीत होतो. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं त्याच्या आसपासचे दिवस. गावोगाव नव्या ग्रामपंचायती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक पंचायतीला निवडणूक हवी होती. मास्तर, तलाठी, कारकून, जो हाताला लागेल त्याला केंद्राध्यक्ष करून पाठवत. मी तरुण होतो, पोटाचा विकार नव्हता, शिवाय मला नाही म्हणता येत नसे. त्यामुळे बहुतेक वेळा मीच हाताला लागे.

आजच्या वाचकाला तेव्हाची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराला आम्ही एक चिठ्ठी द्यायचो. ती घेऊन त्याने पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. इतकं सोपं होतं, म्हणून इतक्या गमती होत. सातपुड्यातल्या एका पाड्यावर दोन उमेदवार होते, ते दोघंही एकमेकांच्या पेटीत मत टाकून आले. स्वतःलाच मत देणं त्यांना पंगतीत स्वतःच स्वतःला आग्रह करण्यासारखं वाटलं. दुसऱ्या एका गावात दोन व्याही समोरासमोर उभे राहिले आणि जेवणावळ मात्र दोघांनी मिळून एकच घातली, खर्च कशाला वाढवायचा म्हणून. असे किस्से मी लग्नकार्यात सांगतो, लोक हसतात. बेटाची गोष्ट मी सहसा सांगत नाही. ती सांगितली की पहिल्यांदा हसू येतं आणि मग ते मावळतं.

तापीच्या पात्रात, दोन धारांच्या मधे, आमलीबेट नावाचं गाव होतं. माणसं नुसतं बेट म्हणत. पन्नाससाठ घरं. बहुतेक गुजर शेतकरी, कापूस आणि केळी पिकवणारे, घरात गुजरी बोलणारे आणि बाहेर अहिराणी. एका टोकाला भिलाटी, म्हणजे भिल्लांची दहाबारा घरं. बाजार, शाळा, दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पलीकडच्या काठावर. मधे पाणी. आणि पाण्यावर झिपरू नावाडी.

झिपरू तेव्हा पन्नाशीचा असेल. उंच, वाळका, बोलायला अगदी कमी. त्याचा बाप नाव चालवायचा, आजाही. तो कोणाकडून पैसे घेत नसे. त्याची रीत वेगळी होती. ज्वारी खळ्यावर तयार झाली की पहिलं पोतं घरात जाण्याआधी त्या घरातली थोरली बाई मूठभर दाणे घेऊन झिपरूकडे जायची. ती नावेची मूठ. झिपरू दोन्ही हात पुढे करून ती घ्यायचा, कपाळाला लावायचा. एकदा मूठ घेतली की त्या घरच्या माणसाला वर्षभर, कितीही वेळा, पाणी कसंही असो, पलीकडे नेणं त्याच्यावर बंधन. मग पुढे कोणी पायलीभर धान्य देई, कोणी केळीचा घड, कोणी जुनं धोतर. ते ज्याच्या त्याच्या मनावर. मुठीचं मात्र कोणाच्या मनावर नव्हतं, ती द्यायचीच.

नवी पंचायत पलीकडच्या मोठ्या गावाची आणि बेटाची मिळून होणार होती. बेटाला एक जागा. पंचायतीला उत्पन्न हवं, म्हणून नदीच्या उताराचा, म्हणजे नावेने पलीकडे जायच्या जागेचा, लिलाव करायचा अशी बोलणी मोठ्या गावात उघडपणे चालली होती. लिलाव झाला की नाव चालवायचा हक्क ठेकेदाराचा, माणशी तिकीट. ही बातमी झिपरूपर्यंत पोचली आणि तो उमेदवारीचा अर्ज भरायला कचेरीत आला. नदीचा माणूस असा कोरड्या जमिनीवर पाहून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अर्जावर अंगठा उमटवून झाल्यावर मी सहज विचारलं, झिपरूबाबा, तुम्हाला ही कशाला हौस?

तो म्हणाला, "भाऊसाहेब, लिलाव व्हई गया तं मी नदीवर काय करू? पंचायतमा बसीसन मी एकच गोट सांगसू, लिलाव नका करा."

त्याला चिन्ह हवं होतं होडीचं. आमच्या यादीत होडी नव्हती. त्याला मिळाली छत्री. जन्म पाण्यात गेलेल्या माणसाला सरकारने छत्री दिली, यावर कचेरीत दोन दिवस विनोद झाले. तो हसला नाही. छत्रीचं चित्र नीट निरखून पाहिलं आणि घडी करून टोपीत ठेवलं.

त्याच्या विरुद्ध उभे होते नरोत्तमभाई. बेटावर केळीची पहिली बाग त्यांनी लावलेली. सरळ माणूस, नियमाचा माणूस. त्यांचं चिन्ह कंदील. दोघांत वैर असं काही नव्हतं. प्रचाराला नरोत्तमभाई पलीकडे जात तेही झिपरूच्याच नावेतून.

मतदान पलीकडच्या शाळेत होणार होतं. पेट्या पाण्यावरून न्यायच्या नाहीत असा मामलेदारांचा सक्त हुकूम होता. म्हणजे माणसं पाण्यावरून आणायची. मतदानाच्या आधी मी बेटावर जाऊन मारुतीच्या ओट्यावर सगळ्यांना नियम वाचून दाखवले. त्यात एक नियम असा होता की उमेदवाराने मतदारांची फुकट ने-आण करू नये. मी वाचून पुढे जात होतो, तेवढ्यात नरोत्तमभाईंनी अगदी अदबीने विचारलं, हा नियम सगळ्यांना सारखाच ना? सारखाच, मी म्हणालो. मग झिपरू उमेदवार, नाव झिपरूची, आणि नावेत मतदार, भाई म्हणाले. ओट्यावर सगळ्यांनी मागे वळून झिपरूकडे पाहिलं. भाईंना झिपरूला अडवायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना नियम कळला होता आणि कळल्यावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

झिपरू मागे उभा होता. तो म्हणाला, "मी कोनले फुकट लई जास नही, भाऊसाहेब. मूठ लेस."

आता याला काय म्हणायचं? मी मामलेदारांना विचारून येतो म्हणालो. मामलेदार चांगले होते, पण धुळ्याहून आलेल्या कागदांनी वैतागलेले. त्यांनी एकाच कागदावर दोन हुकूम दिले. एक, मूठ हे भाडं धरता येईल, मात्र घरी खळं असून या वर्षाची मूठ जो देणार नाही त्याने नावेत बसू नये. दोन, मतदानाच्या दिवशी उमेदवाराने मतदाराच्या हातून काहीही घेऊ नये, दाणासुद्धा नाही. मी म्हणालो, साहेब, मतदान ऐन खळ्याच्या दिवसांत आहे, मुठी त्याच आठवड्यात द्यायच्या असतात, हे जुळणार कसं? ते म्हणाले, गावकरी जुळवतील. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मलाही कळलंय की सरकारचा अर्धा कारभार याच एका वाक्यावर चालतो.

हुकूम मी ओट्यावर वाचला. मूठ द्यायची आहे, पण झिपरूच्या हातात द्यायची नाही. लोकांनी आपापसांत गुजरीत पुष्कळ चर्चा केली. शेवटी जमनाकाकी म्हणून एक म्हातारी होती, बेटावरचं पहिलं खळं तिच्या घरचं असायचं, ती म्हणाली, ठीक आहे, देऊ. सगळे हलक्या मनाने उठले. मला वाटलं, झिपरूच्या घरी त्याच्या बायकोकडे, ठगूबाईकडे, नेऊन देतील.

मतदानाच्या दिवशी थंडी होती. नदीवर धुकं होतं आणि धुक्यातून नाव येत होती, जात होती. झिपरूने सकाळपासून बांबू खाली ठेवला नव्हता. आपले मतदार, भाईंचे मतदार, खुद्द भाई, सगळ्यांना त्याने सारख्याच काळजीने उतरवलं. म्हाताऱ्यांना हात दिला, लेकुरवाळ्यांची पोरं आधी काठावर घेतली. मी शाळेच्या खिडकीतून बघत होतो. बायका पदर आवरून, मुठी झाकून येत होत्या. मला वाटलं, थंडीने हात आखडलेत. चिठ्ठी डाव्या हातात घेत आणि पडद्याआड जात. तिथे त्या जरा जास्तच वेळ घेत होत्या, पण पहिल्यांदा मत देणाऱ्या माणसाला वेळ लागतोच. एकदोनदा काही सांडल्यासारखा बारीक आवाज आला. उंदीर असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं.

सगळ्यात शेवटी झिपरू आणि ठगूबाई आले. पाय गुडघ्यापर्यंत ओले. त्याने चिठ्ठी घेतली, आत गेला, लगेच बाहेर आला.

मोजणी तिथेच करायची होती. गाव शाळेच्या ओसरीवर बसलं. शिपायाने आधी कंदिलाची पेटी उचलून टेबलावर ठेवली. मग छत्रीची उचलायला गेला आणि म्हणाला, ही तर भलतीच जड आहे. ओसरीवर हसू फुटलं. मी झिपरूकडे पाहिलं. तो भिंतीशी उभा होता. त्याने हात धोतराला पुसले आणि सरळ उभा राहिला. त्या एका क्षणात तो जिंकला होता. पुढचं लिहिण्याआधी मला हे सांगायचं होतं.

मी सील तोडलं, पेटी उलटी केली आणि टेबलावर ज्वारी ओतली गेली. पांढरी, नवी, टपोरी ज्वारी. टेबलावरून खाली सांडली, शिपायाच्या बुटावर पडली. तिच्यात चिठ्ठ्या होत्या, पण थोड्या. मी दाण्यांतून एकेक चिठ्ठी बोटांनी शोधून काढत होतो. कंदिलाच्या पेटीत दाणा नव्हता. नुसत्या चिठ्ठ्या होत्या, गच्च भरून.

हे काय केलंत, असं मी विचारलं बहुतेक. जमनाकाकी ओसरीच्या कडेला बसली होती. तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. हातात देऊ नका म्हणालात, म्हणून त्याच्या पेटीत दिलं, तिने समजावून सांगितलं. आणि कागद? मी विचारलं.

"दाना झिपरूले, कागद नरोत्तमभाईले," ती म्हणाली. "झिपरू खुर्चीवर बठी, मंग नाव कोन चलाडी?"

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. झिपरूवर राग असता तर त्यांनी मूठ दिली नसती. त्याला वर्षभराचं बांधून घेतलं होतं आणि तो पंच होऊन हातचा जाऊ नये म्हणून कागद दुसऱ्याला दिला होता. नरोत्तमभाईंच्या घरूनही छत्रीच्या पेटीत मूठ पडली होती, हे मला त्यांच्या बायकोनेच नंतर सांगितलं. छत्रीला ज्या थोड्या चिठ्ठ्या मिळाल्या त्या झिपरूच्या घरच्या आणि भिलाटीतल्या होत्या, असं गावात सगळेच म्हणत. भिलाटीत कोणाचं खळं नव्हतं. त्यांच्याकडे द्यायला कागदच होता.

मी निकाल वाचला. नरोत्तमभाई उठून झिपरूजवळ जाऊन उभे राहिले. झिपरू खाली बसला आणि फरशीवरचे दाणे वेचू लागला. शिपायाने मला विचारलं, ही ज्वारी त्याला देऊ का? नियम असा की पेटीत जे निघेल ते सगळं मोहोरबंद करायचं, वर्षभर तिजोरीच्या खोलीत ठेवायचं आणि मग नष्ट करायचं. ज्वारीविषयी नियमात काही नव्हतं, पण जे निघेल ते सगळं, असं होतं. मी नको म्हणालो. झिपरूने वेचलेले दाणे माझ्या टेबलावर ठेवले. त्याआधी कपाळाला लावले.

मग तो काठावर गेला आणि नाव सोडायला लागला. मी दारात उभा राहून बघत होतो. मनात आलं, आता हा म्हणेल, जा पोहत. पण ज्यांनी त्याला पाडलं होतं त्या सगळ्यांना त्याने खेपा करून घरी पोचवलं. म्हाताऱ्यांना हात दिला. जमनाकाकीला सर्वांत आधी बसवलं.

पंचायत बसली आणि पहिल्या काही महिन्यांतच उताराचा लिलाव पुकारला. नरोत्तमभाई विरोध करायचा असं ठरवून गेले होते. पण हिशेब समोर आल्यावर पंचायतीला उत्पन्न लागतं हे त्यांना पटलं. मी म्हटलं ना, नियमाचा माणूस. ठेका बाहेरच्या एकाला गेला. त्याने रंगवलेली होडी आणली, तिकिटं छापली, दोन नोकर ठेवले. बेटाचं एकही माणूस त्या होडीत बसेना. सगळे झिपरूच्या नावेत. ठेकेदाराने तक्रार केली, आणि बेकायदा नाव चालते याचा पंचनामा करायला अर्थातच मला पाठवलं.

मी काठावर कागद काढून बसलो. झिपरूला विचारलं, ठेका दुसऱ्याचा असताना तुम्ही कोणत्या हक्काने नाव चालवता? त्याने नाव खुंटीला बांधली, माझ्यासमोर उकिडवा बसला.

"मन्ही मूठ सरकारमा जमा शे, भाऊसाहेब," तो म्हणाला. "वरीस भरू द्या. मंग नाव वर काढी लेसू."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून मामलेदारांपुढे ठेवले. ते मोठ्याने हसले. मग त्यांनी तो कागद पुन्हा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. शेवटी त्यांनी वर 'चौकशी चालू' असा शेरा मारला आणि कागद खणात सारला. तो खण वर्ष संपेपर्यंत त्यांनी उघडला नाही. त्या साहेबांविषयी मी नोकरीत पुष्कळ वाईटसाईट बोललो असेन, पण तेवढ्या एका खणासाठी मी त्यांना मानतो.

वर्ष भरलं. मोहोरबंद पाकिटं नष्ट करायचा हुकूम आला. कचेरीच्या मागच्या अंगणात आम्ही चिठ्ठ्यांचा ढीग केला आणि काडी लावली. ज्वारीची पिशवीही त्यातच टाकली. निम्मी ज्वारी किड्यांनी खाल्ली होती, उरलेली विस्तवात तडतडायला लागली. पांढऱ्या लाह्या उडून राखेत पडत होत्या. शिपाई म्हणाला, वास छान सुटलाय, आणि लगेच ओशाळला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जमीन महसुलाच्या कामासाठी मला बेटावर जायचं होतं. रंगवलेल्या होडीत बसलो. आता तिच्यात बेटाची माणसंही होती, तिकिटं हातात धरून, अनोळखी घरी आल्यासारखी अंग चोरून बसलेली. पलीकडे उतरलो तर झिपरूची नाव काठाच्या वर, आमलीच्या, म्हणजे चिंचेच्या, झाडाखाली पालथी घातलेली होती. तिच्या पाठीवर कोणी तरी मिरच्या वाळत टाकल्या होत्या. घराला बाहेरून कडी होती.

काम आटोपून परत काठावर आलो तेव्हा जमनाकाकी पालथ्या नावेजवळ बसली होती. मी विचारल्यावर तिने सांगितलं ते असं. खळी झाली, बायका नेहमीसारख्या मुठी घेऊन गेल्या. झिपरू दारात उभा होता. त्याने हात पुढे केले नाहीत. ठगूबाई आत रडत होती. त्याने सगळ्यांना हात जोडले, एकेकीला नावाने विचारलं, घरी सगळं ठीक ना. आणि दुसऱ्या दिवशी दोघं सुरतेकडे निघून गेली, याच नदीच्या खालच्या अंगाला, वाळूच्या होड्यांवर मजुरीला. जातानाही ठेकेदाराच्या होडीत बसला नाही. पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं, बायकोचा हात धरून पात्रातून चालत गेला.

मग काकीने मला विचारलं, "भाऊसाहेब, त्या कागद परत भेटतीन का? दुसरा पेटीमा टाकी देसूत."

मी म्हणालो, काकी, ते जाळले. सगळ्याच गावांचे जाळतात, नियम आहे.

तिने मान हलवली. पदराच्या टोकाला गाठ होती, ती सावकाश सोडली. आत या वर्षीचे दाणे होते. ते तळहातावर घेऊन तिने माझ्यापुढे धरले.

"मंग हाई मूठ कोनले देऊ?"

ठेकेदाराचा माणूस होडीतून हाका मारत होता, शेवटची खेप आहे म्हणून. मी तिकीट काढलं आणि होडीत जाऊन बसलो.